विधान क्रमांक नऊ

रद्दीवाल्यानं काटा धरला तेव्हा कळलं
माझ्या संशोधनाचं वजन: एकसष्ट किलो.
"एका अंगानं कोरं असतं तर
किलोमागं दोन रुपये जादा दिले असते, बाई."

सत्तावीस वर्षं.
उद्यमनगरातली लेथची दुकानं, शिरोलीच्या फाउंड्र्या,
हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायका,
एक साखर कारखाना, जिथून परतल्यावर
साडीतून चार धुण्यांपर्यंत मळीचा वास गेला नाही.
सगळीकडं तीच प्रश्नावली, तीच पाच खोकी:
पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत.

ज्याच्यावर पीएचडी, त्यालाच मराठी शब्द सापडेना.
गुंतवणूक म्हटलं तर लोक एफडीचं विचारायचे.
सहभाग म्हटलं की युनियनवाले खुर्ची पुढं ओढायचे.
समरसता आधीच दुसरीकडं कामाला लागलेली.
हेर्लेकर सर म्हणाले, कंसात इंग्रजी लिहा आणि पुढं चला.
पुढं चालले.
रीडर झाले, प्रोफेसर झाले, स्कूटर दोनदा बदलली.

इलाही मुजावर, मोल्डर, दुसरी पाळी.
हाताला काळी वाळू, म्हणून विधानं मीच वाचत होते.
नववं: काम करताना मला वेळेचं भान राहत नाही.
त्यानं भट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"भान न्हाई ठेवलं तर लोखंड गार हुतंय की, बाई.
चार मिंटं. पाचवं मिंट भंगारात."
आणि बोट ठेवलं पूर्ण असहमत-वर,
कागदावर ठसा उमटेल इतकं दाबून.
माझ्या सूत्राप्रमाणं
कामात मन नसलेला माणूस.

मग चहा आला.
बशी एका हातात, दुसऱ्या हातात बारकी हातोडी,
आदल्या दिवशीची कास्टिंगं तो एकेक वाजवत गेला,
मान तिरकी करून,
जशी आई तापल्या पोराचा श्वास ऐकते.
एक. दोन. तिसरं बराच वेळ घुमत राहिलं.
चौथं बद्द.
"आतनं चिरलंय. वरनं कळायचं न्हाई."
"मग कशावरनं कळतं?"
"नाद बगायचा."

मी ते लिहून घेतलं नाही. रकाना नव्हता.

सरासरी तीन पूर्णांक चार आली. पेपर छापून आला.
त्यात तो एकशे बारावी ओळ होता.
गेल्या वर्षी शोधत गेले, तिथं आता मंगल कार्यालय.
वॉचमन म्हणाला, मुजावर तीन हाईत, तुमाला कुठला पायजे?

काट्यावरून एक गठ्ठा परत उचलला.
रद्दीवाला हसला. साठ किलो धरूया म्हणाला.

संध्याकाळी केबिन मोकळी. दाराशी रावसाहेब, किल्ली घेऊन.
मी बोटाच्या पेरानं लोखंडी कपाट वाजवलं.
खणखणीत.
रिकामं कपाट वाजणारच.
मग टेबल. मग खिडकीचा गज.
मग, रावसाहेबांची पाठ फिरल्यावर,
छातीच्या हाडावर, डॉक्टर वाजवतात तसं,
एकदा. पुन्हा एकदा.
आवाज येत होता. कसला, ते सांगायला
कान त्याचा हवा होता.

"मॅडम," रावसाहेब म्हणाले,
"वाजलं किती बगा की."