दुसरा हात

कातड्याला आधी पाणी पाजायचं.
कोरडं कातडं पहिल्या थेंबालाच मिठी मारतं
आणि तो डाग मग तुमच्यानंतरही तिथंच.
हे अण्णांनी सांगितलं नव्हतं.
अण्णा फौजदारांचे बूट करायचे.
काळ्याचं काय, काळं सगळं पोटात घालतं.

छबू ऐवळे पौषात आली
सांगलीच्या मार्केट यार्डातून, मिरजेच्या बसनं,
डावा हात पदराखाली.
हळद पॉलिश करायच्या ढोलानं
गेल्या हंगामात मनगटापासून नेलेला.
दवाखान्यानं दिलेल्या लाकडी पंजावर
कातड्याची बाही हवी होती, बोटांपासून कोपरापर्यंत.
मी विचारलं, रंग?
तिनं उजवा हात काउंटरवर ठेवला.
"ह्यो."

बाटलीतला सरळ लावला तर गुळाची ढेप होते.
एक झाकण रंग, दहा झाकणं स्पिरिट,
आणि त्याच कातड्याच्या कातरणीवर आधी बघायचं:
पाठीची, पोटाची, मानेची.
पोट जास्त पितं. मान सुरकुत्यांत लपवून ठेवते.
एका जनावराच्या अंगात एवढी भाऊबंदकी.

बोळा जुन्या लोकरी शालीचा,
पिळायचा इतका, की वाटावं यात आता काही नाही.
मग गोल, मग आडवा, मग उभा.
मध्येच थांबलात की रेघ उठते.
आम्ही याला हात म्हणतो. पहिला हात दिसतच नाही.
दुसऱ्या हाताला शंका येते.
तिसऱ्या हाताला हुरूप येतो, आणि घात तिथंच आहे,

कारण ओलं कातडं खोटं बोलतं.
ओलं गडद, वाळलं की फिकं,
तेल प्यायलं की पुन्हा एक पायरी खाली.
थांबायचं ते रंग यायच्या अलीकडे,
जिथं मन म्हणतं अजून थोडं.
मी पहिल्या बाहीला वाळायच्या आत चौथा हात दिला.
जांभूळ झालं.
रंग चढवता येतो, उतरवता येत नाही.
ती बाही कापून मी रापीचं म्यान केलं.

दुसऱ्या बाहीला तीनच हात.
रात्रभर सावलीत. सकाळी दारात नेऊन पाहिली,
ट्यूबलाइटवर माझा विश्वास नाही.
भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच.
शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावून दाखवली.

छबूनं दातानं नाडी ओढून बांधली.
दोन्ही हात शेजारी ठेवले,
आणि बराच वेळ बघत राहिली.
"बेस झालंय.
पर माझा हात येवढा एकसारखा कुटं हाय?"
खरं होतं.
सांध्यांवर काळपट, तव्याचा एक चट्टा,
नखांच्या कडेला जुनी पिवळी रेघ, तळवा गव्हाळ.
मला राग आला थोडा.
शंभर रुपये कमी घेतले, ते का, अजून कळलेलं नाही.

चैत्रात नाडी बदलायला आली.
यार्डात हळदीचे सौदे तेजीत,
दुकानात ती शिरायच्या आधी तिचा वास शिरला.
उजवा हात कोपरापर्यंत पिवळा.
आणि बाही...
शिवणीशिवणीतून हळद आत गेलेली,
कोपराच्या घडीत दाट, अंगठ्याच्या मुळाशी विरळ,
घामानं कुठं ओघळलेली, कुठं घासून पुसलेली.
पंधरा दिवसांची माझी मेहनत, पार चट्ट्यापट्ट्यांची.
म्हटलं, बघू का काही करून? निघंल थोडं.
"ऱ्हाऊ द्या."

नाडी ओवली. तिनं पन्नासची नोट दिली.
उरलेले पैसे द्यायला मी वर पाहिलं,
दोन्ही तळवे काउंटरवर उताणे, पिवळे,
बाहेर रिक्षा हॉर्न देत होती,
मी नाणं ठेवलं ते चुकीच्या हातावर.
लाकडाचा बद्द आवाज आला.
छबू हसली, मी नाही.
नाणं घरंगळत काउंटरखाली गेलं.
तिला दुसरं दिलं. ते अजून तिथंच आहे.