कलम नऊ

करार मी टाइप केला,
सांगलीला, जिल्हा परिषदेच्या तिसऱ्या मजल्यावर.
कॉम्प्युटरची 'ष'ची कळ अडकायची,
म्हणून औषधाला सगळीकडे गोळी लिहिलं,
परिषदेचा ष मात्र दरवेळी दोन बोटांनी दाबून.

पक्ष एक: शासन. पक्ष दोन: मिशनचा दवाखाना, मिरज.
पैसे नॉर्वेतल्या कुठल्याशा चर्चचे,
दिल्लीत एक, मुंबईत दोन मुक्काम करून आलेले.
कलम नऊ माझ्या अकलेतून निघालं:
'गोळीवाटपाच्या वेळेत प्रार्थना, प्रवचन, आशीर्वाद देऊ नये.'
साहेबांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.
रेव्हरंड हिवाळ्यांनी हसून सही केली.
पेन तेवढं आमचं परत दिलं नाही.

वाटप चॅपलमध्येच व्हायचं.
आमची खोली गळत होती.
कलम पाळायचं म्हणून एस्तेर सिस्टर
क्रूसाकडे पाठ करून बसायच्या, आठ ते अकरा.
गोळी जिभेवर, वर घोटभर पाणी,
"आ करा."
एवढाच मंत्र.

पाहुणे आले. उंच बाईंनी विचारलं,
सरकारात आणि तुमच्यात फरक काय?
दुभाषा मी.
एस्तेर म्हणाल्या, "गोळ्या सरकारच्या.
रिकामी खुर्ची आमची."
मला भाषांतर जमेना.
मी म्हणालो, गुड कोऑपरेशन.

चौथ्या महिन्यात दस्तगीर मामूंची खुर्ची रिकामी.
तंबोऱ्याचे भोपळे कोरणारा माणूस,
छातीत आधीच भुसा, त्यात हे.
माझ्या वहीत आठवड्यानं शेरा पडला असता: संपर्क तुटला.
एस्तेर दुसऱ्याच दिवशी रांग लवकर संपवून निघाल्या,
मला स्कूटीवर मागं बसवून.

मामू दारातच.
"गोळी पोटात ऱ्हाईना, सिस्टर. बास झालं.
आता दर्ग्याचं पाणी पितोय."
"पाणी चांगलंच. त्याच पाण्यानं गोळी घ्या.
पण आधी भाकरी."
खाल्ली. घेतली. आ केलं.
मग म्हणाले,
"तुमच्या देवाच्या कानावर घाला की जरा.
आमच्याला रोज सांगतोय, त्यालाबी कटाळा आला असंल."

एस्तेरनी माझ्याकडं पाहिलं.
मी घड्याळाकडं. साडेदहा.
कलम नऊ मध्येच येऊन बसलं
न बोलावलेल्या व्याह्यासारखं.

"अर्धा तास दम धरा, मामू."

आणि आम्ही तिघं थांबलो.
सुनेनं चहा टाकला.
मामूंनी एका भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला,
"अजून ओला हाय," म्हणाले, बाजूला ठेवला.
अकराला पाच कमी असताना
एस्तेरनी चपला काढल्या.
अकरा वाजले
तसा मी उठून गल्लीच्या तोंडाशी गेलो,
पाठ करून उभा राहिलो.

संध्याकाळी अहवाल.
कलमांचे पालन: होय.
शेऱ्यात लिहायचं होतं, विशेष काही नाही.
कळ अडकली.
'विशे काही नाही'
असंच गेलं नॉर्वेला.