सेनापतीची दाढी

तिकीट वीस युआन, गावकऱ्यांना माफ.
खिडकीतल्या पोरीला म्हटलं, मी इथलाच.
तिनं माझ्या बोलण्यातला शहरी हेल ऐकला
आणि तिकीट फाडलं.
बरोबरच आहे तिचं. एकोणीस वर्षं झाली.

आवारात सायप्रस. खाण कधीच बंद पडली,
झाडांनी अंगावरची भुकटी अजून झटकलेली नाही.
एक ट्रकवाला नव्या ट्रकची किल्ली
धुरातून तीनदा फिरवतोय.
त्याच्या मागं हवालदार, टोपी काखेत,
आणि हवालदाराच्या मागं, जरा अंतर राखून,
ज्याला त्यानं दोनदा आत टाकलंय तो.
दोघांचा देव एकच,
रांगही एकच.

शब्द पाळणाऱ्याचं हे देऊळ.
शत्रूनं दिलेलं सोनं मोजून, मोहोर लावून
मेजावर ठेवलं, आणि हा निघाला
मानलेल्या भावाकडे.
म्हणून दुकानदार हिशेबाच्या वह्याही इथंच आणतात.
शेवटी मुंडकं एका गावी पुरलं, धड दुसऱ्या.
जीव घरी परतला म्हणतात.
त्याला तिकीट लागलं का, माहीत नाही.

आमच्या मूर्तीचंही तेच झालं.
ज्या उन्हाळ्यात पोरं हातोडे घेऊन आली
त्या उन्हाळ्यात धड जागीच फुटलं,
आणि शिर गडगडत गेलं पायऱ्यांखाली.
हौ आजीनं ते भाजीच्या टोपलीत घातलं,
वर पाला रचला.
अकरा वर्षं ते राळ्याच्या रांजणात.
नवऱ्याला पत्ता नाही.
'यंदा रांजण लवकर भरला,'
एवढंच म्हणायचा, दर सुगीला.

मग नवं धड आलं, दुसऱ्या हातचं, दुसऱ्या मातीचं.
मानेवर सांधा आहे,
हिरव्या झग्याची पट्टी वर ओढून झाकलेला.
पिकल्या बोरासारखा तो लाल चेहरा,
गालात म्हणे राळ्याचे दोन दाणे रुतलेत.
मला कधी दिसले नाहीत.

दाढी मात्र उंदरांनी खाल्ली होती.
आणि दाढीशिवाय हा सेनापती कसला?
सूतगिरणीत निरोप गेला,
ज्यांचे केस कमरेखाली, त्यांनी यावं.
सात पोरी आल्या.
सातवी पेई लानचिंग, रीळखात्यातली,
अजून माझी आई न झालेली.
केसांचे बारा युआन मिळाले.
तिनं सायकलची घंटा घेतली.
सायकल नव्हती.

मियाओ काका वर्षातून एकदा दाढी विंचरतात.
आज तो दिवस नाही.
'कशाला चढायचंय?'
'केस बघायचेत.'
'लोक तलवार बघायला येतात,' म्हणाले,
आणि शिडी आणली.

जवळून तो रागीट नाही.
जरा कंटाळलेला,
शेवटची बस चुकलेल्या माणसासारखा.
सात जणींचे केस. उजवीकडचे तांबूस, मधले राठ,
डावीकडे एक बट अगदी सरळ, जड.
तिची असेल. नसेलही.

इस्पितळात तिच्या डोक्यावर एकही उरला नव्हता.
'आहेत की आपले तिकडं,' म्हणायची,
जसे काही मुदतठेवीत टाकलेत.
'जाऊन बघ एकदा. नीट विंचरतात का, सांग.'
हो म्हणालो होतो.
पाच वर्षं उशीर. सांगायचं कुणाला?

काळे आहेत अजून.
काकांनी न बोलता कंगवा वर दिला.
मी जन्मात कुणाचे केस विंचरले नव्हते.
खालून वर सोडवत जायचं असतं,
हे काकांनी शिकवलं, शिडी धरून.

उतरलो तेव्हा कंगव्यात चार केस होते.
काकांनी काड्यापेटी उघडून पुढं केली.
'गळलेले इथंच ठेवतो आम्ही. देवाचा हिशेब.'
सेनापती समोर, दाराबाहेर बघत होता.
मी मोजून दिले.
तीन.