उरलेला कागद

आगासकर मास्तर माणूस बघायचे तो बाजूने.
समोरून कुणीही खोटं बोलतो, म्हणायचे,
नाकाला ते जमत नाही.

दर रविवारी राणीच्या बागेत, हत्तीकडे वळताना डाव्या हाताला
घडीचं टेबल. आठ आणे, दीड मिनिट.
कात्री जागची हलत नसे, फिरायचा तो काळा कागद,
आणि टेबलावर पडायची कुणाची तरी आत्या
अंबाड्यातून सुटलेल्या बटेसकट.

बाकी आठवडा गिरगावात, छापखान्याच्या पोटमाळ्यावर पोस्टरं.
केशतेल, नाटकं, देवीची लस,
एकदा एक उमेदवार, तो पडला
(मास्तरांनी हनुवटी होती तेवढीच काढली),
आणि सर्कस: झुल्यावरची बाई,
खाली आ वासून वर बघणारा पोरगा.
पैसे तीन रंगांचे मिळत, मास्तर दोन वापरत.
तिसरा भिंतीचा. तो फुकट.

मी खळ शिजवायचो, मोरचूद टाकून,
नाहीतर रात्रीतून बकऱ्या जाहिरात खात.
लॅमिंग्टन रोडला पहाटे
त्यांच्याच पोस्टरवर त्यांचंच नवं डकवताना विचारलं,
वाईट नाही वाटत?
"खालचं आहे म्हणून वरचं धरतंय. ब्रश चालव."

मग फ्लेक्स आले. चेहरे समोरून, हात जोडून,
दात मोजून घ्यावेत इतके समोरून.
मास्तरांना तोवर मोतीबिंदू.
नाक्यावर थांबून एकदाच म्हणाले,
याला नाक कुठंय रे?

फाल्गुनात गेले.
कुमुदताईंनी ट्रंक उघडली, रद्दीत द्यायचं का, म्हणाल्या.
चेहरे लोकांनी कधीच नेलेले, फ्रेमा करून.
आत होते उरलेले कागद.
कडेने काळं, मधे माणसाच्या आकाराचं भोक,
मागे पेन्सिलीने तारीख. नाव कुठेच नाही.
एक खिडकीशी धरला,
कुणाच्यातरी कपाळात समोरच्या गॅलरीतला टॉवेल वाळत होता.

तळाशी एक तारीख ओळखीची.
अकरा वर्षांचा मी, कामाचा पहिला दिवस.
भोकाला आखूड नाक, मान वर,
तोंड उघडं.

म्हणजे ती सर्कस.
दोन महिने मी मलाच खळ फासून
परळपासून कुलाब्यापर्यंत डकवत होतो,
आणि मास्तर शिडी धरून खाली,
एक अक्षर बोलले नाहीत.

बकऱ्यांनी खाल्ला नसेल तर असेल अजून
एखाद्या भिंतीवर, वीसेक थरांखाली,
बाईने झुला सोडलाय,
अजून पकडलेला नाही.