पानाचं पाणी

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईनं फिल्म
खिडकीच्या उजेडाला धरली.
हे पांढरे ठिपके बघा, राजमणीबाई.
मेंदूतल्या बारीक नळ्या कडक होतायत.
पाळी होती तोवर
अंगात एक रस होता, त्यांना मऊ ठेवणारा.
इस्ट्रोजेन.
मी नाव दोनदा पुटपुटलं.
चाळीस वर्षं घरात राहून गेलेलं माणूस,
ओळख आता.

विडी घरकुलात सगळ्यांना सांगितलं,
सुपं मांडीवर, कात्र्या चालू.
नरसम्मा म्हणाली,
म्हणजे पानच की गं.
रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळलं तर वळतंय,
नाहीतर बोटातच कडकन.

मी हसले. मग हसू कशाचं होतं तेच विसरले.

हल्ली कट्टा बांधताना
एकोणिसाला थांबते.
तेलुगूत मोजते, परत मराठीत,
दोन्हीकडं तिथंच खड्डा.

बाहेर एप्रिल, डोक्यावर पत्रा.
बीपीची गोळी, मीठ कमी, रोज चालणं,
एवढं पदराच्या गाठीत आहे.
गेलेलं पाणी परत येतं का,
विचारायचं राहिलं.

नरसम्मानं वर न बघता
तिच्या सुपातल्या सहा विड्या उचलल्या,
माझ्या एकोणिसांत घातल्या,
आणि दोऱ्याचं टोक
माझ्याच हातात दिलं.