काडीच्या गुलाएवढं

पहिल्यांदा उचाच्या हनुवटीवर आलं.
पिवळट, चिकट,
मध सांडून वाळावा तसं.
वालिको म्हणाला, गादीनं घासलंय,
घरची द्राक्षाची दारू चोळ.
चोळली. पोर पत्रे हलतील असं ओरडलं.

आठवड्यात मानेवर, मनगटावर, कानामागे,
एकाचं दुसऱ्याला.
आणि एकमेकांना न चिकटता
कुस्ती काही खेळता येत नाही.

कुताइसीत रिओनीच्या काठाला आमची तालीम,
बंद पडलेल्या रेशीम गिरणीच्या शेडमध्ये.
बत्तीस पोरं, चार गाद्या, एक नळ.
टॉवेल कुणाचा कुठला, देव जाणे.

वालिकोनं गाद्या ब्लीचनं धुतल्या,
पुन्हा धुतल्या,
मग दोष द्यायला माणूस शोधला.

मुर्झाकान. वय बारा. स्वानेतीच्या वरच्या गावचा,
जिथे म्हणे हिवाळाभर
गायी आणि माणसं एकाच भिंतीआड.
तूच आणलंस, असं वालिको म्हणाला नाही.
त्याची पिशवी नुसती दाराशी नेऊन ठेवली.
मी पाहिलं.
बोलले नाही.
ते माझ्या खात्यावर राहू दे.

मग डॉक्टर लामझिरा आली, चिखलाचे बूट बाहेर काढून.
कोमट फडक्यानं आधी खपली भिजवा, ओढू नका.
मग मलम, पातळ, दिवसातून तीनदा.
नखं कापा. उश्या वेगळ्या.
बरं दिसलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.
जंतूला अर्धं मारणं म्हणजे त्याला डाव शिकवणं.
हे तिनं एकेका आईला वेगळं सांगितलं
आणि एकदाही आवाज चढवला नाही.

जाता जाता प्रत्येक नाकात कापसाची काडी फिरवली.
वालिको हसला: माझंही घे,
वस्तादाचं नाक सगळ्यांत मोठं.

कागद आला.
मेस्तियाच्या दवाखान्यातून तिनं
मुर्झाकानचाही मागवला होता. स्वच्छ.
वालिकोच्या नाकात मात्र वस्ती,
जुनी, घरंबिरं बांधून राहिलेली.

चौतीस वर्षं, दर लढतीआधी,
पोराचं डोकं दोन्ही हातांत धरून
तो कपाळाला ओठ लावत आला.
तेवढाच त्याचा मंत्र.

त्या रात्री त्यानं अक्रोड फोडले नाहीत.
जेवला. ताट स्वतः विसळलं.
मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मान मागे टाकून बसला,
न्हाव्यापुढे बसावं तसा.

काडीच्या गुलाएवढं, लामझिरा म्हणाली होती,
एकेका नाकपुडीत, सकाळ-रात्र, पाच दिवस.
मी हात धुतले. करंगळीवर घेतलं.
तरुणपणी कुणाचं तरी कोपर बसून हाड वाकलेलं,
डावीकडे बोट अडतंच.
मग नाक चिमटीत धरून हलकं दाबलं,
आत पसरावं म्हणून.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
त्याचं नाक मी पहिल्यांदाच धरत होते.

मी सांगितलं,
हे औषधही म्हणे एका जंतूनंच केलेलं,
मातीतल्या,
शेजारी अंगावर येऊ नयेत म्हणून.
काट्यानं काटा.
तो डोळे मिटूनच म्हणाला,
म्हणजे माझ्यापेक्षा शहाणा.
हाकलायचं कुणाला, एवढं तरी त्याला कळतं.

पाचव्या दिवशी त्यानं गाडी काढली.
वर बर्फ होतं, रस्ता अर्धा वाहून गेलेला.
दुसऱ्या दिवशी अंधारात परतला, एकटाच.
मुर्झाकान आता मामाबरोबर लाकडं ओढतो.
कुस्ती नको म्हणाला. नीट बोलला,
चहा दिला, दारापर्यंत सोडायला आला.

त्याच्या आईनं मीठ दिलंय,
लसूण आणि झेंडूच्या पाकळ्या घालून कुटलेलं,
वर्तमानपत्रात बांधून.
वालिकोनं पुडी टेबलावर ठेवली,
उघडली, वास घेतला,
कोपरात तोंड लपवून शिंकला,
आणि हात धुवायला उठला.