कोपराची उंची

"टेबल कशाला?" गफूरमिस्त्रींनी विचारलं,
भवानी पेठेत, वखारीच्या दारात,
कानामागची पेन्सिल काढत.
मी जरा आवाज खाली आणून म्हणालो,
बाळाची लंगोटी बदलायला.
ते हसले नाहीत. म्हणाले,
"बाईंच्या कोपराची उंची आणा."

मी भोसरीत टूलरूमला.
केसभर फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस.
घरी टेप काढली.
शलाका भिंतीला हात टेकून उभी राहिली,
टाके अजून ताजे,
खाली वाकायचं म्हटलं की डोळे मिटून घ्यायची.
एकोणचाळीस इंच, वर थोडं.
थोडं म्हणजे किती, ते मी लिहूनच नेलं होतं.
मिस्त्रींनी कागद न बघता खिशात घातला.

आई म्हणाली, आम्ही पाय पसरून बसायचो,
मांडीवरच उरकायचं सगळं.
आता मुतायलासुद्धा फर्निचर!

टेम्पो नवले पुलाखाली दीड तास अडकला.
धायरीत पोचला तेव्हा बारसं व्हायचं होतं;
आमच्याकडे टेबल आधी आलं, नाव नंतर.
तीन बाजूंना कड, तीन बोटं उंच.
"कडेवर भिस्त ठेवू नका," जाताना मिस्त्री म्हणाले,
"एक हात कायम पोरावर."

मग त्या रात्री.
झिरोच्या दिव्यात खोबरेलाची बाटली,
दुपट्यांची चळत, वाळत घातलेल्या लंगोट्यांचा ओलसर वास,
आणि इवल्या टाचा, सागाच्या फळीवर
एकाच जागी घासून घासून
पॉलिश उडवणाऱ्या.
एकदा ती गर्रकन वळली.
कडेनं अडवलं की माझ्या हातानं,
यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत.
आई तिसरा काढते: मांडीवरून कोणी पडलेलं ऐकलंय का?

आता त्यावर इस्त्री होते.
पोरगी तिसरीत गेली,
फळीवरच्या गोल डागाला तिनं पेनानं डोळे काढलेत.
तो डाग कसला, हे तिला
अजून सांगितलेलं नाही.

रविवारी मी तिचा गणवेश पसरतो,
उजव्या हातात इस्त्री,
आणि डावा तळवा आपसूक
कडेशी जाऊन बसतो,
रिकाम्या फळीवर, हलकेच, वाट अडवून.

शलाका आतून ओरडते,
हात काढ तो, भाजेल.